संशोधनासाठी मारलेले पायडल

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, पुरते उजाडायच्या आत, स्टरब्रिज या लहानशा गावात सायकलींची रांग लागते. पुढचे दोन दिवस हे लोक पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने जातात. पहिल्या दिवशी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर कापून बोर्न येथे मुक्काम असतो. दुसऱ्या दिवशी केप कॉड या आकड्यासारख्या वळलेल्या भूशिराच्या टोकापर्यंत, प्रॉव्हिन्सटाऊनपर्यंत मजल मारायची. एकूण अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. वेग मोजला जात नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, कुणालाही करंडक मिळत नाही. ज्यांना एवढे झेपत नाही, त्यांच्यासाठी एका दिवसाचे छोटे मार्गही असतात.

या उपक्रमाचे नाव पॅन-मास चॅलेंज. ‘मास’ हे मॅसॅच्युसेट्सचे लघुरूप. सहा हजारांहून अधिक सायकलस्वार त्यात भाग घेतात, आणि त्यांच्या पाण्याची, जेवणाची, पंक्चर काढण्याची व्यवस्था पाहायला हजारो स्वयंसेवक राबतात. सायकलस्वारांमध्ये शिक्षक असतात, वकील असतात, कर्करोगाचे डॉक्टर आणि परिचारिका असतात, आणि स्वतः कर्करोगाचे उपचार घेतलेले किंवा अजून घेत असलेले रुग्णही असतात. वाटेत लेकव्हिल येथील पाण्याच्या थांब्याजवळ उपचार घेणाऱ्या मुलांचे मोठे फोटो लावलेले असतात. सायकलस्वारांच्या अनेक गटांनी त्यांतल्या एखाद्या मुलाशी नाते जोडलेले असते. त्या फोटोंपाशी बरेच जण सायकल थांबवून थोडा वेळ नुसतेच उभे राहतात.

सुरुवात एका माणसाच्या दुःखातून झाली. बिली स्टार हा बॉस्टन परिसरातला तरुण. १९७४ मध्ये त्याची आई मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने गेली. तिचे वय ४९ होते. त्यानंतर हा मुलगा डोंगर चढू लागला, लांबलांब सायकल चालवू लागला. मन रमवण्याचा तोच एक मार्ग त्याला सापडला होता. १९८० मध्ये त्याने मित्रमंडळी गोळा केली. ३६ जण स्प्रिंगफील्डहून निघाले आणि दोन दिवसांत सुमारे साडेतीनशे किलोमीटर सायकल चालवत प्रॉव्हिन्सटाऊनला पोहोचले. ओळखीच्या लोकांकडून त्यांनी त्यासाठी देणग्या मागितल्या होत्या. जमले १०,२०० डॉलर. ते त्यांनी बॉस्टनच्या डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला दिले.

२०२४ मध्ये याच उपक्रमातून संस्थेला साडेसात कोटी डॉलर मिळाले. आपल्या हिशेबात सहाशे कोटी रुपयांहून अधिक. आजवरची बेरीज शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.

हा पैसा जमतो कसा? प्रत्येक सायकलस्वाराने नाव नोंदवतानाच ठरावीक रक्कम उभी करण्याची हमी द्यायची असते. दोन दिवसांच्या मार्गासाठी ती काही हजार डॉलर असते. मग तो नातेवाईक, शेजारी, कचेरीतले सहकारी, जुने वर्गमित्र यांच्याकडे हात पसरतो. रक्कम कमी पडली तर उरलेली स्वतःच्या खिशातून भरायची. म्हणजे खरी मेहनत त्या दोन दिवसांत नसतेच, ती आधीच्या काही महिन्यांत होऊन गेलेली असते. तीनशे किलोमीटर सायकल चालवणे त्या मानाने सोपे, चाळीस लोकांकडे पैसे मागणे अवघड, असे कुणालाही वाटेल.

आता थोडा हिशेब. अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा वार्षिक खर्च सुमारे सातशे कोटी डॉलर आहे. त्यापुढे सायकलस्वारांचे साडेसात कोटी म्हणजे जेमतेम एक टक्का. मग एवढा घाम कशासाठी गाळायचा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रकमेत मिळत नाही, पैशाच्या जातीत मिळते. सरकारी अनुदान मागताना शास्त्रज्ञाला आधी काही पुरावा दाखवावा लागतो. कल्पना चालेल असे निदान सूचित करणारे प्राथमिक प्रयोग झालेले असावे लागतात. ते प्रयोग करायला पैसे कुठून आणायचे? शिवाय अनुदान एका ठरलेल्या कामासाठी असते आणि त्याच कामावर खर्च करावे लागते. मध्येच काही वेगळे, अनपेक्षित दिसले तर त्याचा माग काढायला त्यात जागा नसते. देणगीदारांनी ‘संस्थेला योग्य वाटेल तिथे वापरा’ म्हणून दिलेला पैसा ही भेग बुजवतो. नवख्या शास्त्रज्ञाची पहिली दोन वर्षे, कमी आढळणाऱ्या कर्करोगांचे नमुने जपून ठेवणारी शीतपेटी, चाचणीत सामील रुग्णांची नोंद ठेवणारी परिचारिका, असल्या न चमकणाऱ्या गोष्टी त्यातून चालतात. पॅन-मासचा पैसा बहुतांशी याच जातीचा आहे.

आणि कर्करोगाच्या संशोधनाची वाट किती वेडीवाकडी असते, हे पाहायचे तर याच डाना-फार्बर संस्थेचा जन्म पाहावा. त्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या परळला आहे.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. शहरातल्या गरीब गर्भवती स्त्रियांना, त्यांत गिरण्यांत काम करणाऱ्याही होत्या, एक विचित्र आणि अनेकदा जीवघेणा पंडुरोग होत असे. त्यात रक्तपेशींची संख्या घटे, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. विल्स परळच्या हाफकिन संस्थेत काम करत होत्या. हा आजार जंतूंचा नसून आहारातल्या उणिवेचा असावा, असा त्यांचा तर्क होता. आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग करताना त्यांना आढळले, की यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारते. ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात तो स्वस्त मार्माइट त्यांनी यासाठी वापरला. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातला नेमका कोणता घटक काम करतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईच्या हातावर लोहाबरोबर ठेवले जाते तेच हे औषध.

पुढचा दुवा आंध्रातल्या भीमवरमचा. तिथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले होते. स्प्रू या पचनाच्या आजाराने त्यांचा भाऊ गेला होता, आणि स्प्रूवर फॉलिक ॲसिड उपयोगी पडते. त्यांच्या चमूने हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. मग त्याच्या रचनेत थोडा फेरफार करून, त्याच्यासारखे दिसणारे पण त्याचे काम अडवणारे रेणूही बनवले. त्यांतला एक होता अमिनोप्टेरिन.

बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर हे मुलांच्या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली मुले तेव्हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. पंडुरोगात फॉलिक ॲसिड रक्त सुधारते, तर ल्युकेमियातही सुधारेल, या आशेने फार्बर यांनी त्याच गटातली द्रव्ये मुलांना देऊन पाहिली. झाले उलटेच. आजार जास्त भडकल्यासारखा दिसला. इथे दुसरा एखादा थांबला असता. फार्बर यांनी वेगळा विचार केला: या जीवनसत्त्वाने कर्करोगाच्या पेशी फोफावत असतील, तर ते अडवले की त्यांची उपासमार व्हायला हवी. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून आलेले अमिनोप्टेरिन त्यांनी वापरले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १६ मुलांची हकीकत होती, त्यांतल्या १० जणांची प्रकृती काही काळ सुधारली होती. ती सुधारणा टिकली नाही. तरी औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे प्रथमच दिसले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुब्बाराव वारले.

फार्बर यांना संशोधनासाठी पैसे हवे होते, आणि ते सामान्य लोकांकडून मागायचे त्यांनी ठरवले. मे १९४८ मध्ये रुग्णालयातल्या एका बारा वर्षांच्या मुलाला रेडिओच्या लोकप्रिय कार्यक्रमात बोलते केले गेले. त्याचे खरे नाव लपवायचे म्हणून त्याला ‘जिमी’ म्हटले. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले. जिमीला सामने पाहायला टीव्ही हवा होता. वीस हजार डॉलर जमले तर टीव्ही मिळेल, असे श्रोत्यांना सांगण्यात आले. २,३१,००० डॉलर जमले. जिमी फंड तेव्हापासून चालू आहे, आणि आज त्याला सर्वांत मोठी रक्कम पॅन-मासचे सायकलस्वार देतात. तो मुलगा वारला असावा असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९९८ मध्ये, पन्नास वर्षांनी, आयनार गुस्ताफसन नावाचा ट्रकचालक ‘तो मीच’ म्हणून पुढे आला. आजारी मुलाला पुढे करून पैसे मागण्याची ही रीत आज काहीशी खटकते, हे खरे. निदान त्या मुलाचे नाव तरी तेव्हा झाकले होते. आज समाजमाध्यमांवर मदतीसाठी फिरणाऱ्या फोटोंमध्ये तेवढाही संकोच राहिलेला नाही.

अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात अत्यावश्यक आहे. पुढे त्याला इतर औषधांची जोड मिळाली, आणि श्रीमंत देशांत या आजाराच्या नेहमीच्या प्रकारातून दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. सांधेवातावरही हे औषध कमी मात्रेत देतात, त्यामुळे आपल्या सरकारी रुग्णालयांच्या औषध खिडकीवरही ते मिळते. इथे एक गोष्ट विषयांतर करून सांगायला हवी. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. घरात ही गोळी असेल तर पाकिटावर वार लिहून ठेवावा.

म्हणजे परळमधल्या गर्भवतींचा पंडुरोग, भीमवरमचा एक संशोधक आणि बॉस्टनमधली मरणोन्मुख मुले यांना जोडणारा धागा वीस वर्षांनी दिसला. १९३१ साली ल्युसी विल्स यांना कुणी विचारले असते, ‘याचा कर्करोगाशी काय संबंध?’, तर त्यांनाही सांगता आले नसते. डाना-फार्बरमधलेच अलीकडचे उदाहरण विल्यम केलिन यांचे. १९९० च्या दशकात ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामागे लागले होते. त्यातून पेशीला ऑक्सिजन कमी पडल्याचे कसे कळते, हे उलगडले. या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले, आणि त्याच ज्ञानावर उभे राहिलेले बेलझुटिफॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत त्या आजारासाठी आणि पुढे मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठीही मान्य झाले. मधली पंचवीस-तीस वर्षे कुणीतरी धीर धरून पैसे पुरवत राहावे लागतात. अशा धीराच्या पैशाला पहिला हातभार बहुधा दुःख लावते.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने न्यास स्थापून जगभरच्या ल्युकेमिया संशोधनाला पैसे देण्याची व्यवस्था केली. त्या काळी या रोगावर औषधच नव्हते. १९४१ मध्ये परळलाच, हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर, टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले.

तरीही आपली दानाची सवय वेगळी आहे. एखाद्या मुलाच्या उपचारासाठी लाख-दोन लाख कमी पडत आहेत असे कळले, की गाव वर्गणी काढते, गणेश मंडळ डबा फिरवते. ही माणुसकी मोठीच आहे. पण ‘पुढच्या वीस वर्षांत कदाचित उपयोगी पडेल अशा प्रयोगासाठी पाचशे रुपये द्या’ म्हटले, की देणाऱ्याचा हात आखडतो. ज्याला मदत केली त्याचा चेहरा दिसायला हवा, अशी आपली अपेक्षा असते. वस्तुतः भारतातल्या तोंडाच्या, पित्ताशयाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगांचे प्रश्न बॉस्टनमध्ये बसून कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही.

सायकल फेऱ्या आता आपल्या शहरांतही निघतात. कर्करोगाच्या नावाने टी-शर्ट वाटले जातात, सकाळी आठपर्यंत फोटो निघतात. त्यात वाईट काही नाही. पण प्रवेश शुल्क भरण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारावेत. दर शंभर रुपयांतले किती रुपये ठरलेल्या कामापर्यंत पोहोचतात? आणि ते काम कोणते: संशोधन, उपचार की नुसती जागृती? पॅन-मासमध्ये सायकलस्वारांनी जमवलेला पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेकडे जातो. व्यवस्थेचा खर्च प्रायोजक आणि नोंदणी शुल्क यांतून भागवला जातो. सगळीकडे तसे नसते. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूने १९९७ मध्ये काढलेल्या प्रतिष्ठानाचे काम पुढे प्रयोगशाळेतल्या संशोधनाकडून रुग्णांच्या आधाराकडे वळले. तेही मोलाचे काम आहे, पण देणारे अनेक जण आपला पैसा संशोधनाला जातो याच समजुतीत होते. २०१३ मध्ये आर्मस्ट्राँगने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली, तेव्हा एका व्यक्तीच्या प्रतिमेवर उभ्या केलेल्या निधीचे काय होते तेही दिसले.

राहिला प्रश्न सायकल चालवणाऱ्याच्या शरीराचा. वर्षातून दोन दिवस सायकल चालवून कर्करोग टळत नाही. त्या दोन दिवसांसाठी चार-पाच महिने नियमित सराव केला, तर त्याचा मात्र उपयोग आहे. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले होते, त्यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. साधारणपणे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याइतका जादा व्यायाम होता. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के रोगमुक्त होते, पुस्तिकावाल्यांपैकी ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होते. काही औषधांना याहून कमी फरकावर मान्यता मिळते. व्यायाम करणाऱ्या गटात स्नायू-सांध्यांच्या दुखापती थोड्या जास्त झाल्या, हेही नोंदवायला हवे. नुसती पुस्तिका हातात देऊन हा फायदा झाला नाही, ही बाब ‘जरा चालत जा हं’ एवढेच सांगून पुढचा रुग्ण बोलावणाऱ्या आपल्या बाह्यरुग्ण विभागांनी ध्यानात घ्यावी.

कर्करोगातून उठलेल्या माणसाने लांबच्या फेरीत उतरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि नेमके विचारावे. ऑक्झॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या औषधांनी हातापायांची बोटे बधिर होतात. ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही, उतारावर हे धोक्याचे. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्यांनी हृदयाची इको तपासणी अलीकडे झाली आहे का ते पाहावे. रोग हाडांत पसरलेला असेल, किंवा रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील, तर रस्त्यावर पडणे परवडणारे नाही. अशांनी घरातली स्थिर सायकल चालवावी. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्या पन्नाशीपुढच्या निरोगी माणसालाही चढावर छातीत दडपण आले, तर खाली उतरून बसावे, गटाबरोबर राहण्याचा हट्ट धरू नये.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. तहान लागो न लागो, पाणी पीतच राहायचे असे सांगितले जाते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन कमी होण्याऐवजी वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांत, हे प्रमाण जास्त होते. सायकलवर तासन् तास असताना तहानेप्रमाणे प्यावे, सोबत मीठ-साखरेचे पाणी, चिक्की, केळी ठेवावी. एखादा साथीदार पाणी पिऊनही डोके दुखते म्हणाला, त्याला मळमळू लागले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला आणखी पाणी पाजू नये, थेट रुग्णालयात न्यावे.